हिमचर माशी : कायोनिया

उत्तर गोलार्धातील थंड व ओलसर अरण्यांत हिमवर्षाव सुरू झाला की बहुतेक कीटक दृष्टीआड होतात. कायोनिया मात्र नेमकी त्याच वेळी बर्फावरून चालताना आढळते. इंग्रजीत ‘क्रेन-फ्लाय’ म्हटल्या जाणाऱ्या, लांब व नाजूक पायांच्या माश्यांपैकी ही एक प्रजाती होय. १८१६ साली स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ डालमान याने तिचे वर्णन केले व पहिल्या जातीस ‘कोळ्यासारखी’ या अर्थाचे विशेषण दिले. ते यथार्थच आहे. कारण हिला पंख नाहीत, त्यांचे केवळ खुंट उरले आहेत. इतर माश्यांप्रमाणे मागील पंखांच्या जागी असणारे तोलदंड मात्र शाबूत आहेत. उड्डाणाचे स्नायू लोपल्याने रिकामी झालेली जागा मादीत अंड्यांच्या उपयोगी पडते.

प्रजातीचे नाव ग्रीक ‘खिओन’, म्हणजे बर्फ, या शब्दावरून पडले. संस्कृत ‘हिम’ आणि त्यापासून आलेला मराठी ‘हिवाळा’ हे त्याचेच सगोत्र. तेव्हा हे नाव मराठी वाचकास वाटते तितके परके नाही.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, शरीराचे तापमान सरासरी उणे ७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरेतो ही माशी चालत राहते. एखाद्या पायात बर्फ धरू लागल्यास ती तो पाय तत्काळ तोडून टाकते, व त्यामुळे गोठण धडापर्यंत पोचत नाही. गेलेला पाय पुन्हा उगवत नाही. उरलेल्या पायांवर तिची वाटचाल चालू राहते.