प्लेट नसलेला कंप्रेसर

सकाळी आठ. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी शटर वर करायच्या आधीच टेम्पो दारात उभा. मागे इंजिनवर चालणारा जुना कंप्रेसर. विहिरी फोडून फोडून भंगारात गेलेला, एका हौशी बागायतदारानं तिथून उचललेला. कंपनीची प्लेट नाही. पितळ भंगारात सगळ्यांत आधी जातं. वर हिरव्या रंगाचे थर. रंगावरून कंपनी सांगणारे रोज भेटतात, मी ऐकून घेतो.

साडेआठ. ओळख आट्यांपासून. अर्ध्या इंची बोल्टला पिच गेज लावला : इंचाला 12 आटे. म्हणजे व्हिटवर्थ, विलायती वळणाचं. अमेरिकन असता तर 13 भरले असते. इंजिनाचे बोल्ट मात्र मिलिमीटरचे, आणि चॅसीवर रिकाम्या भोकांची आणखी एक रांग. इंजिन मागाहून बसवलेलं दिसतंय. मेट्रिक मापांचा कायदा 1956चा, पण इंची टॅप-डाय त्यानंतरही कारखान्यांत चालतच राहिले. तेव्हा आट्यावरून घराणं कळतं, साल नाही. सालासाठी बॉडीवरचे ओतीव नंबर शोधायचे, तेही वायर ब्रशनं. ग्राइंडर लावला की पुरावाच गेला.

दहा. हेड उघडलं. तीन सिलिंडर : दोन पाच इंच बोअरचे, तिसरा चारच्या थोडा वर. थोरले दोघे हवा दाबून कूलरकडे धाडतात, धाकटा थंड झालेली तीच हवा पुन्हा दाबतो. चार इंचांचा स्ट्रोक आणि मिनिटाला हजार फेरे धरले, तर थोरले मिळून 91 घनफूट हवा ओढतात. गळती आणि उष्णता वजा जाता हाती साठेक. एका जॅकहॅमरपुरती. म्हणजे हे यंत्र काळ्या पाषाणात सुरुंगाची भोकं पाडायला एकट्या गड्यामागे उभं असणार.

डिलिव्हरी व्हॉल्व्हवर काजळीचा जाड थर. पोरगं रॉकेलचा डबा घेऊन आलं, त्याला परत पाठवलं. रॉकेल आत राहिलं आणि गरम हवा लागली की पेट घेतं. इथे साबणाचं पाणी, आणि नंतर पूर्ण वाळवणं. किती वेळ लागेल तो लागो.

दीड. भाकरी, पिठलं.

अडीच. गडहिंग्लजच्या मशीनची टाकी. हा कंप्रेसर तयार आहे, वाद फक्त टाकीचा. मालक सकाळी फोनवर म्हणाले, “मिस्त्री, मूळचीच ठेवा की. जुन्याची शान असती.” मी म्हटलं, “पाण्यावर चढवून बघतो, दादा, मग बोलू.” काम 7 किलो दाबाचं, म्हणून चाचणी 10.5 ला. टाकी गळ्यापर्यंत पाण्यानं भरायची, हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, मग हातपंप. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी नुसती धार येते. हवेवर हीच चाचणी घेणारे महाभाग आहेत. त्यांच्या शेजारी मी उभा राहत नाही.

काटा 9 वर गेला आणि ड्रेन कॉकजवळचा वेल्ड पाझरला. तळाला वर्षानुवर्षं पाणी साचतं, पत्रा आतून खातं. बाहेरून रंग झकास. नटापासून कूलरच्या पंख्यापर्यंत सगळं जुनं जपण्याच्या मताचा मी आहे, टाकी सोडून. ठिगळ मारून मिळणार नाही, असं मालकांना कळवलं. हवी तर भोक पाडून शोभेला ठेवतो, हवा नवीन टाकीत भरेल.

पाच. गडहिंग्लजचा तोच कंप्रेसर दुकानातल्या तपासलेल्या 200 लिटर टाकीला जोडला. डिकॉम्प उचलून हँडल मारलं, दुसऱ्या झटक्याला इंजिन धरलं. शून्यापासून 7 किलोपर्यंत 50 सेकंद. हिशेबानं मिनिटाला साठ घनफुटांच्या आसपास. अनलोडर 7 ला सुटला, सेफ्टी व्हॉल्व्ह साडेसातला उडाला. पुन्हा केलं, तेच.

सहा. मालकांना फोन : “एक हॅमर चालेल, दोन नाही.”

“ते ऱ्हाऊ दे, मिस्त्री. रंग कोणता देताय?”