काचेच्या धाग्याचे बळ

काच म्हटली की ती फुटायचीच, असे आपण धरून चालतो. पण याच काचेपासून होड्या, पाण्याच्या टाक्या, इतकेच काय, अग्निबाणांची कवचेही बनवतात, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल.

काच फुटते ती तिच्या अंगावरील सूक्ष्म चिरांमुळे. ती वितळवून केसाहून बारीक धागा काढला, तर मोठ्या चिरेला त्यात जागाच उरत नाही. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1920 च्या सुमारास हे प्रयोगाने दाखवले. असा धागा त्याच जाडीच्या साध्या पोलादी तारेहून अधिक ओढ सोसतो. मात्र दाबला की तो वाकतो! म्हणून चिखलात काड मिसळावे तसे हे धागे राळेत बसवतात.

होडी बनवण्याची रीत साधी. साच्याला मेण लावायचे, त्यावर काचधाग्यांची चटई पसरायची आणि ब्रशाने पॉलिएस्टर राळ मुरवायची. मग रूळ फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. खरे कसब इथेच आहे. राहिलेला बुडबुडा म्हणजे पुढची चीर. राळ घट्ट होते ती वाळून नव्हे. तिचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्या वेळी उष्णता बाहेर पडते. राळ जास्त ओतली तर वस्तू मजबूत होईल, असे वाटते ना? तसे होत नाही. बळ धाग्यात आहे आणि या रीतीत काच वजनाने जेमतेम 30 टक्के असते.

ती 70 टक्क्यांपर्यंत न्यायची तर धागा राळेत बुडवून फिरत्या साच्यावर ताणून गुंडाळतात. पण कोणत्या कोनात? दोन्ही टोके बंद असलेल्या नळकांड्यात वायू कोंडला, तर घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या दुप्पट असतो. नुसते आडवे वेढे दिले तर टोके निखळतील. उभे दिले तर पोट फाटेल. दोन्ही ताण पेलणारा कोन अक्षाशी सुमारे 55 अंशांचा. त्याच्या टॅन्जंटचा वर्ग करून पाहा, जवळजवळ 2 येतो!

खळग्यावर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण ताणलेला धागा तिथे अधांतरी राहतो. ‘तेजस’ विमानाच्या पंखांसाठी म्हणून तिसरी रीत वापरतात. राळ मुरवलेली कार्बनधाग्यांची पाने थरावर थर रचायची, पिशवीत घालून हवा शोषून घ्यायची आणि प्रेशर कुकरसारख्या प्रचंड भट्टीत दाबाखाली तापवायची.