लांबीखाली टिकलेल्या कविता

घराला पायऱ्या किती? तांदूळ कुठे साठवता? पुढच्या गल्लीतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात बोटीतून उतरलेल्या चिनी माणसांना असे प्रश्न तासन्‌तास विचारत. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद झालं होतं. व्यापारी, विद्यार्थी, नागरिकांची मुलं अशा मोजक्यांनाच वाट होती. १९०६च्या भूकंपात आणि आगीत शहरातल्या जन्मनोंदी जळाल्या. तेव्हा अनेकांनी ‘आमचा जन्म इथलाच’ म्हणून नागरिकत्व मिळवलं, गावी मुलगा झाल्याच्या नोंदी केल्या आणि त्या नोंदींवर पैसे घेऊन दुसऱ्यांची मुलं आणली. हे ‘कागदी मुलगे’ बोटीवर परक्या घराची कुंडली पाठ करत आणि बंदर येण्याआधी टिपणं समुद्रात फेकून देत. बापाची नि मुलाची उत्तरं जुळली नाहीत तर परतीची बोट. निकालाला काही आठवडे लागत. एखाद्याची जवळजवळ दोन वर्षं जात.

बराकीच्या लाकडी भिंतींवर कविता उमटल्या त्या या मुक्कामात. लिहिणारे बहुतेक ग्वांगडोंगच्या खेड्यांतले. रचना मात्र तांग काळाच्या वळणाची. चार किंवा आठ ओळी, ओळीत पाच किंवा सात अक्षरं. आधी शाईने लिहीत, मग कोरत. कर्ज, घरची ओढ, दुबळ्या मायदेशाची लाज, सुडाची भाषा. आणि मध्येच श्योंगनू या भटक्या टोळ्यांच्या कैदेत एकोणीस वर्षं काढलेल्या हान दूताचा, सू वूचा दाखला. आपल्याकडचे पंजाबीही इथे अडकले होते. पंजाबी अक्षरंही भिंतींवर सापडली आहेत.

बहुतेक कवितांखाली नाव नाही. मला यात विनय दिसत नाही. खरं नाव घातलं तर सोंग उघडं पडणार, कागदावरचं घातलं तर कविता भलत्याच्या खात्यावर जाणार. दिवसा पाठ केलेलं आयुष्य सांगणाऱ्याला निनावी राहूनच खरं लिहिता येत होतं.

अधिकाऱ्यांच्या लेखी ही भिंतींची नासधूस. त्यांनी अक्षरांत लांबी भरून वर रंग मारायला लावला. त्याच लांबीने लाकूड जपलं. पुढे ती आकसली, रंग तडकला आणि अक्षरं वर आली. १९७०मध्ये इमारत पाडायचं घाटत असताना अलेक्झांडर वाइस या उद्यानरक्षकाच्या नजरेस ती अक्षरं पडली. वरिष्ठांना त्यात काही विशेष वाटलं नाही, म्हणून त्याने विद्यापीठातल्या ओळखीच्या प्राध्यापकांना गाठलं. हिम मार्क लाय, जेनी लिम आणि ज्युडी युंग यांच्या ‘आयलंड’ या १९८०च्या संग्रहाला स्मायली जॅन आणि टेट यी या दोघांच्या वह्यांचाही आधार मिळाला. दोघांनी बेटावर अडकलेले असतानाच, १९३१-३२च्या सुमारास, कविता उतरवून घेतल्या होत्या.

बायकांना मुख्य कचेरीच्या इमारतीत ठेवत. तिथल्या न्हाणीघराच्या भिंतींवरही कविता असल्याची आठवण सांगितली गेली आहे. १९४०च्या आगीत ती इमारत जळाली. त्या कविता उतरवून घेतलेली एकही वही पुढे आली नाही, त्यामुळे आज दोनशेहून अधिक म्हणून ज्या मोजल्या जातात त्या पुरुषांच्या बराकीतल्या.