खजिना लपवताय? आधी टप्पे मोजा

रविवारची दुपार. आई-वडील आणि दोन मुले सकाळी दहापासून एका मोठ्या उद्यानात फिरत आहेत. हातात जीपीएस आहे. पहिल्या टप्प्यावर झाडाच्या ढोलीत एक डबी सापडली, तिच्यात पुढच्या जागेचे अक्षांश-रेखांश होते. दुसऱ्या जागी तिसरीचा पत्ता मिळाला, तिसऱ्या जागी चौथीचा. मुले पुढे धावत होती, आई-वडील मागून येत होते. आता पाचवा टप्पा. बाकाखाली चुंबकाने चिकटवलेली डबी असायला हवी, पण ती नाही. कोणी काढली, पडली की पावसाने वाहून गेली, कोण सांगणार! अर्धा तास शोधाशोध झाली. धाकटा रडवेला झाला. पुढे आणखी तीन टप्पे होते आणि शेवटी तो डबा, ज्यात टाकण्यासाठी त्याने घरून आपली लाडकी लाल मोटार आणली होती. मोटार खिशातच परत गेली.

जिओकॅशिंगचा छंद असलेल्या बहुतेक घरांत अशी एखादी दुपार येऊन गेलेली असते. दोष दिला जातो हरवलेल्या डबीला. पण खरी चूक कित्येक महिने आधी, घरी टेबलापाशी बसून झालेली असते. खेळ मांडणाऱ्याने ठरवून टाकले होते की टप्पे आठ हवेत. आठच का, हे मात्र त्याने स्वतःला विचारले नव्हते.

एका बादलीपासून सुरुवात

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. उपग्रहांच्या साहाय्याने जागा सांगणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकेची. सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संकेतात तेथील सरकार मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे होई. २ मे २००० पासून ही चूक घालणे बंद झाले आणि तीच यंत्रे एकाएकी दहा-वीस मीटरपर्यंत अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर यांनी एक काळी प्लॅस्टिकची बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आत पुस्तके, काही वस्तू, एक गलोल आणि सोयाबीन नव्हे, चक्क शिजवलेल्या घेवड्याचा एक डबाही होता! अट एकच होती: काही घ्या, काही ठेवा. लवकरच माइक टीग यांनी ती बादली शोधून काढली आणि खेळ सुरू झाला.

तसे पाहिले तर ही कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडच्या डार्टमूर माळरानात १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली होती. तिथवर पोहोचणारे आपले कार्ड तिच्यात टाकून येत. आपल्याकडेही शाळेच्या शिबिरात किंवा गणपतीच्या दिवसांत सोसायटीत ‘खजिन्याचा शोध’ खेळला जातो. पहिल्या चिठ्ठीत दुसऱ्या चिठ्ठीचा पत्ता, दुसरीत तिसरीचा. जिओकॅशच्या ज्या प्रकारात असे अनेक टप्पे असतात त्याला मल्टी-कॅश म्हणतात. शेवटच्या जागी डबा आणि नोंदवही असते. तिच्यात नाव लिहिले की शोध पूर्ण झाला.

मात्र शिबिरातला खेळ आणि हा खेळ यांत एक मोठा फरक आहे, आणि टप्प्यांचा सगळा प्रश्न त्या फरकातूनच उभा राहतो. शिबिरातली चिठ्ठी सकाळी लपवतात आणि दुपारी खेळ संपतो. चिठ्ठी उडून गेली तर ताई किंवा दादा तिथेच उभे असतात, ते हळूच दुसरी आणून ठेवतात. जिओकॅश वर्षानुवर्षे तसाच राहतो. शोधणारे कधीही येतात आणि ते येतात तेव्हा लपवणारा आपल्या घरी झोपलेला असतो.

साधा हिशेब

समजा, लपवलेली कोणतीही डबी दहापैकी नऊ वेळा जागेवर असते. ऐकायला हे काही वाईट वाटत नाही. पण मल्टी-कॅशमध्ये एक कडी तुटली की पुढची सगळी साखळी निरुपयोगी होते. तीन डब्या असतील तर शोधणारा शेवटपर्यंत पोहोचण्याची शक्यता शंभरात ७३. सहा डब्या असतील तर ५३. दहा असतील तर फक्त ३५. म्हणजे दहा टप्प्यांचा भव्य खजिना मांडणारा माणूस तीनपैकी दोन कुटुंबांना रिकाम्या हाताने परत पाठवण्याची व्यवस्था करत असतो. तेही तीन तासांची पायपीट करवून.

डबी जागेवर असली तरी माणूस चुकतोच. या खेळात जागा अंश आणि मिनिटांत सांगतात, मिनिटाचे दशांश तीन स्थळांपर्यंत असतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर. तिसऱ्या दशांशस्थळी एकाची चूक झाली तर माणूस दोन मीटर चुकतो, म्हणजे काहीच बिघडत नाही. पण पहिल्या दशांशस्थळी एकाची चूक झाली तर १८५ मीटर दूर, भलत्याच झुडपात शोधत बसतो. प्रत्येक टप्प्यावर बेरीज-वजाबाकी करायला लावली की अशा चुकीची संधीही प्रत्येक टप्प्यावर वाढते. यावर सोपा उपाय म्हणजे शेवटच्या उत्तरातील सर्व अंकांची बेरीज आधीच सांगून ठेवणे. बेरीज जुळली तर पुढे जा, नाहीतर पुन्हा मोजा. एवढे केले तरी कित्येकांची दुपार वाचते.

पैकीच्या पैकी मोह

मग लोक इतके टप्पे ठेवतात तरी का? शोधणाऱ्याला दोन टप्प्यांचा खजिना सापडला काय आणि बारा टप्प्यांचा सापडला काय, त्याच्या खात्यात शोध एकच जमा होतो. लपवणाऱ्यालाही अधिक काही मिळत नाही. उलट, लांबलचक मल्टी-कॅशकडे फारसे कोणी फिरकत नाही.

कारण साधे आहे. जागा ओळखीची असली की तिथले सगळेच दाखवावेसे वाटते. पाहुणे आले की गृहिणीला जसे चार पदार्थ कमीच वाटतात, तसेच हे. वॉशिंग्टन शहरातील नॅशनल मॉलचेच उदाहरण घ्या. अमेरिकेत राहणारी मराठी मुले-सुना गावाहून आलेल्या आई-वडिलांना हमखास इथे नेतात. या स्मारकांच्या आवारात वस्तू लपवून ठेवता येत नाही, पण स्मारकांवरच्या आकड्यांवरून कोडे रचता येते आणि डबा मॉलच्या हद्दीबाहेर, जागेच्या मालकाच्या परवानगीने ठेवता येतो. असे टप्पे हरवत नाहीत, भिजत नाहीत. मग काय, यादी वाढतच जाते! वॉशिंग्टन स्तंभाभोवतीचे ५० ध्वज, दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकाचे ५६ खांब, लिंकन स्मारकाचे ३६ स्तंभ, कोरियन युद्धस्मारकातील १९ सैनिकांचे पुतळे, व्हिएतनाम स्मारकाची काळी भिंत... सहज दहा टप्पे होतात.

आता यातले काय ठेवावे आणि काय गाळावे?

ध्वज ५० आहेत, कारण राज्ये ५० आहेत. हे उत्तर मुले घरी सोफ्यावर बसूनच देतील. जे पाहायला तिथे जावेच लागत नाही, तो टप्पा कसला? ती जागा निघण्यासाठी ठेवावी, प्रश्नासाठी नको. महायुद्धाच्या स्मारकावर ४,०४८ सोनेरी तारे आहेत, प्रत्येक तारा सुमारे शंभर मृतांसाठी. ते मोजायला सांगणारा मुलांचा शत्रूच म्हणायचा. पण ५६ खांब मोजता येतात. त्या काळची राज्ये, अमेरिकेच्या ताब्यातील प्रदेश आणि राजधानी मिळून ते ५६ झाले आहेत, आणि हे कळले की मुले खांबांवरची नावे आपणहून वाचू लागतात. हा टप्पा राहू द्यावा.

लिंकन स्मारकाचे ३६ स्तंभ म्हणजे लिंकन यांच्या मृत्यूच्या वेळची राज्यांची संख्या. ५० कुठे आणि ३६ कुठे, असे मुलांनी विचारले तर इतिहासाचा एक धडा तिथेच होऊन जातो. तोही राहावा. कोरियन स्मारकातील १९ पुतळे शेजारच्या चकचकीत भिंतीत उमटतात आणि ३८ दिसतात. दोन्ही कोरियांची मूळची विभागणी ३८ अक्षांशावर झाली होती, हे सांगितले की मोठी माणसेही क्षणभर थांबतात. हा टप्पा तर गाळूच नये.

राहिली व्हिएतनाम स्मारकाची भिंत. तिच्यावर ५८,००० हून अधिक नावे कोरलेली आहेत. आजही लोक तिथे येतात, एखाद्या नावावर हात ठेवून उभे राहतात. त्यांच्या शेजारी उभे राहून आपल्या मुलांनी खेळाचे आकडे शोधावेत का? तिथे टप्पा नको. वाट तिथून जात असेल तर जाऊ द्यावी, सगळ्यांनी शांतपणे पाहून पुढे निघावे.

अशा रीतीने दहाचे तीन झाले, शेवटचा डबा धरून चार. वॉशिंग्टन स्तंभापासून लिंकन स्मारकापर्यंतचे अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. थांबत, मोजत, फोटो काढत गेले तरी आजी-आजोबांना झेपेल एवढे. शिवाय सुरुवात स्मिथसोनियन मेट्रो स्थानकाजवळ आणि शेवट फॉगी बॉटम स्थानकाच्या दिशेने ठेवला तर आलेल्या वाटेने परत चालत जावे लागत नाही. खजिना सापडल्यानंतरही घरी परतायचे असते, याचा विचार फार थोडे लोक करतात.

डब्यांची जबाबदारी कोणाची?

जिथे डब्या लपवायच्या आहेत तिथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एक डबी म्हणजे एक जबाबदारी. ती फुटली, भिजली किंवा हरवली तर लपवणाऱ्यानेच जाऊन बदलायची असते. दर वेळी सहा ठिकाणी फिरून तपासणी करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने सहा डब्या ठेवूच नयेत. खेळाच्या नियमानुसार एका खजिन्याची लपवलेली वस्तू दुसऱ्या खजिन्याच्या वस्तूपासून किमान १६१ मीटर दूर असावी लागते. म्हणजे तुमच्या सहा डब्या उद्यानातल्या सहा जागा अडवून बसतात आणि दुसऱ्या कोणाला तिथे काही ठेवता येत नाही. ज्या डबीत पुढच्या आकड्यांखेरीज काही नाही, जिच्या आसपास पाहण्याजोगेही काही नाही, ती एवढी जागा अडवण्यास पात्र आहे का?

भारतात हा खेळ खेळणारे थोडे आहेत. इथे तर डब्या जितक्या कमी तितके चांगले. रेल्वे स्थानकावर ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा आपण रोज ऐकतो. अशा वेळी बाकाखाली चिकटवलेली डबी पाहून कोणी पोलिसांना बोलावले तर त्याचे काय चुकले? स्थानके, विमानतळ, लष्करी भाग, शाळांची आवारे यांच्या जवळपास काहीही लपवू नये. संरक्षित किल्ले आणि लेणी यांतही दगड हलवून किंवा खड्डा करून काही ठेवू नये. या खेळात वस्तू जमिनीत पुरण्याची मनाई आहेच. किल्ल्यावर टप्पा करायचाच असेल तर फलकावरचे साल विचारावे, बुरूज मोजायला लावावेत आणि डबा खाली गावात, एखाद्या ओळखीच्या दुकानदाराला विचारून त्याच्याकडे ठेवावा. फक्त फलक नवा बसवला गेला की साल बदललेले किंवा गायब झालेले असू शकते, म्हणून वर्षातून एकदा जाऊन पाहावे.

मग टप्पे किती?

साधारणपणे दोन ते चार टप्प्यांत कुटुंबाची दुपार आनंदात जाते. पाच-सहा टप्पे ठेवायचेच असतील तर त्यांतले बहुतेक फलक, पुतळे, पायऱ्या अशा न हरवणाऱ्या गोष्टींवर बेतलेले असावेत. डब्या एक किंवा दोनच. दहा-बारा टप्प्यांचे खजिने नसतातच असे नाही. ज्यांना दिवसभर भटकायचे आहे, त्यांच्यासाठी काही जण मुद्दाम ते मांडतात, आणि त्यात काही गैर नाही. पण मग आधीच सांगावे: टप्पे किती, चालायचे किती, वेळ किती, पाणी बरोबर घ्यायचे की नाही. खजिन्याच्या माहितीत काठिण्य आणि वाट यांना एक ते पाच असे गुण द्यायचे असतात, तेही खरे द्यावेत. चढाची वाट आहे हे लपवून ठेवल्याने खेळाची मजा वाढत नाही, लहान मुलाला कडेवर घेऊन चढणाऱ्या आईची दमछाक तेवढी वाढते.

नीट ठरत नसेल तर एक करावे. खजिना जाहीर करण्याआधी मुले असलेल्या एखाद्या शेजारच्या कुटुंबाला घेऊन जावे आणि आपण मागे-मागे चालावे. तोंडातून एक शब्दही काढू नये, कितीही जीव तुटला तरी! कोणत्या टप्प्यावर मुले धावली, कुठे ‘अजून किती राहिले?’ असे विचारू लागली, कुठे वडिलांनी घड्याळ पाहिले, हे लिहून घ्यावे. जिथे घड्याळ पाहिले गेले तो टप्पा घरी आल्याबरोबर खोडावा. सातापैकी तीन गळले तर त्यांच्या डब्या फेकू नयेत, कपाटात ठेवून द्याव्यात. पहिल्या पावसाळ्यानंतर उरलेल्यांपैकी एखादी हरवली की त्या उपयोगी पडतात.