मूल गोड, पण छायाचित्राचे काय?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत मराठी घरांत बोरन्हाणाचे सोहळे होतात. काळे झबले, त्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेले मूल आणि त्याच्या डोक्यावरून ओतले जाणारे चुरमुरे, बोरे, उसाचे करवे. घर पुण्यात असो, इंदूरला असो वा बंगळुरूत, त्या क्षणी चार-पाच मोबाइल एकदम उंचावतात. संध्याकाळपर्यंत छायाचित्रे साऱ्या गोतावळ्यात पोहोचतात आणि उत्तरे येऊ लागतात : ‘किती गोड!’, ‘दृष्ट काढा गं’, ‘अगदी आजीवर गेली आहे’.

ही सारी उत्तरे मुलाविषयी आहेत. छायाचित्राविषयी त्यांत अक्षरही नाही. घरगुती कौतुकात तसे होणे स्वाभाविक आहे. मात्र पुढच्या वेळी अधिक चांगले छायाचित्र काढण्याची इच्छा असलेल्या हौशी छायाचित्रकाराच्या हाती त्यातून काही लागत नाही. उलट बाजूही आहे. कुणी ‘चेहरा नीट दिसत नाही’ एवढे म्हटले, तरी ते बोल मुलालाच लावल्यासारखे आईवडिलांना वाटते. फुलाच्या किंवा डोंगराच्या छायाचित्राबाबत ही अडचण येत नाही. मुलांच्या छायाचित्रांवर अभिप्राय देणे अवघड ठरते ते मूल आणि चित्र यांची अशी गाठ पडल्यामुळे.

ती सोडवण्याचा मार्ग म्हणजे चित्रात प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टींवर बोलणे. बोरन्हाणाचेच उदाहरण घेऊ. मूल खिडकीकडे पाठ करून बसले आहे, चेहरा अंधारलेला आहे. ‘फोटो काळपट आलाय’ हा झाला शेरा. ‘मागच्या खिडकीचा उजेड कॅमेऱ्याने प्रमाण मानला, म्हणून चेहरा अंधारात गेला, पाट फिरवून मुलाचे तोंड खिडकीकडे केले असते, तर तोच उजेड चेहऱ्यावर आला असता आणि डोळ्यांतही चमकला असता’ हा झाला अभिप्राय. त्यात काय घडले, का घडले आणि पुढच्या वेळी काय करता येईल, हे तिन्ही आहे. मुलाविषयी एक शब्दही नाही.

काळे कपडे आणि पांढरा हलवा ही जोडी तर कॅमेऱ्याची परीक्षाच. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे सुमारे 18 टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे धरून चालतो. चौकटीचा बराच भाग काळ्या कापडाने व्यापला की तो सगळेच उजळ करू पाहतो. मग हलव्याचा काटा दिसेनासा होतो आणि हाराच्या जागी नुसता पांढरा पट्टा उरतो. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याला स्पर्श करून उजळपणा थोडा खाली ओढला, तर हा दोष बराच आवरतो. चित्र पाहणाऱ्याने एवढे सांगितले, तरी हलव्याचे दागिने हाताने घडवणाऱ्या आजीचे कष्ट पुढच्या छायाचित्रात दिसू लागतील.

उंचीचा मुद्दा जवळजवळ प्रत्येक हौशी छायाचित्राला लागू पडतो. उभ्या माणसाने पाटावरच्या मुलाचे चित्र काढले, की डोके मोठे, पाय आखूड आणि मागे नुसती फरशी दिसते. जमिनीवर बसून, कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला की चित्र मुलाच्या जगात शिरते. अंतराचेही तसेच. मोबाइलची मुख्य भिंग रुंद कोनाची असते. फूटभरावरून टिपलेल्या चेहऱ्यात नाक फुगते, कान मागे जातात. चार-पाच फूट मागे सरून दुप्पट झूम वापरणे बरे. पार्श्वभूमी धूसर करणारी ‘पोर्ट्रेट’ सुविधा कडांचा अंदाज गणिताने बांधते, म्हणून भुरभुरणारे केस किंवा हलव्याच्या मुकुटाची टोके ती कधी कधी गिळून टाकते. घरातल्यांच्या नजरेतून हे हमखास सुटते, कारण ते मुलाचा चेहराच पाहत असतात.

अभिप्रायाआधी एक प्रश्न विचारलेला बरा : छायाचित्रकाराला काय दाखवायचे होते? सेकंदाच्या अडीचशेव्या भागात टिपलेल्या चित्रात चेहरा ठसठशीत येतो. त्याहून बऱ्याच संथ गतीने घेतलेल्या चित्रात चुरमुऱ्यांच्या पांढऱ्या रेघा पडतात. कुणाला पहिले हवे असते, कुणाला दुसरे. हेतू न विचारता रेघांना दोष ठरवणे म्हणजे स्वतःची आवड दुसऱ्यावर लादणे.

जुलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या वाट्याला असेच काहीसे आले. 1815 मध्ये कोलकात्यात जन्मलेल्या कॅमेरॉन यांना डिसेंबर 1863 मध्ये मुलगी आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या 48 वर्षांच्या होत्या. ‘माझे पहिले यश’ असे त्यांनी ज्याला म्हटले, ते जानेवारी 1864 मधील छायाचित्र ॲनी फिलपॉट या लहान मुलीचे आहे. त्याआधी दोन मुलांना एकत्र बसवण्याचा त्यांचा प्रयत्न एकाला मध्येच हसू फुटल्याने वाया गेला होता. त्या काळी चित्र उमटेपर्यंत बराच वेळ स्तब्ध बसावे लागे. ॲनीचे चित्र साधले, तेव्हा तिला काय भेट द्यावी म्हणून कॅमेरॉन घरभर धावल्या. चित्र जणू तिनेच घडवले, असे त्यांना वाटले, हे त्यांनीच आठवणींत नोंदवले आहे.

त्या काळच्या छायाचित्रण नियतकालिकांनी त्यांच्या कामावर सडकून टीका केली. चित्रे अस्पष्ट आहेत, काचेवर डाग आणि चरे आहेत, असे आक्षेप होते. अस्पष्टतेचा आक्षेप त्यांनी मानला नाही. धूसर रेषा हीच त्यांची निवड होती, आणि काळाने कौल त्यांच्या बाजूने दिला. डागांचे मात्र तसे म्हणता येत नाही. ते खरोखर होते. टीकाकारांनी दोन्ही एकाच मापाने मोजले, हे त्यांचे चुकले. अभिप्राय घेणाऱ्यालाही ही निवड करावी लागते : कोणता आक्षेप आपल्या हेतूवर आहे आणि कोणता हातून झालेल्या चुकीवर.

‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर मिळते. ‘नजर आधी कुठे जाते?’ असे विचारले, की समोरचा माणूस खरोखर चित्र पाहू लागतो. त्याने ‘मागच्या कॅलेंडरकडे’ असे उत्तर दिले, तर ‘तिथून ते काढायला वेळच नव्हता’ हे स्पष्टीकरण देऊ नये. पाहणाऱ्यासमोर चौकट असते, त्या दिवशीची धावपळ नसते. एकाच्या मताने हलून जाण्याचे कारण नाही. पण तिघांची नजर स्वतंत्रपणे त्याच कॅलेंडरवर अडखळली, तर ते कॅलेंडर खरोखरच आड येत आहे.

सर्वांत नाजूक विषय रंगाचा. ‘काळी आली आहे, जरा उजळ कर’ ही सूचना भारतीय घरांत सहज दिली जाते, आणि अनेक मोबाइलमधील सौंदर्य-फिल्टर विचारल्यावाचूनही चेहरा गुळगुळीत व गोरा करतात. या कलाला इतिहास आहे. विसाव्या शतकात रंगीत छायाचित्रांच्या छपाईसाठी कोडॅक कंपनी जी संदर्भपत्रे देत असे, त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या वर्णाची स्त्री असे. तिचा वर्ण बरोबर उमटला की छपाई बरोबर, असे मानले जाई. म्हणून अभिप्राय देणाऱ्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. कमी उजेडामुळे चेहऱ्यावरचे भाव हरवले असतील, तर तो चित्राचा दोष आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. सावळा वर्ण सावळाच दिसत असेल, तर छायाचित्र अचूक आहे. चार-पाच वर्षांचे मूल शेजारी बसून हे सारे ऐकत असते. ‘उजेड कमी पडला’ आणि ‘काळी आली’ यांतला फरक मोठ्यांना शब्दांचा वाटतो. मुलाला तो स्वतःविषयीचा निकाल वाटतो.

छायाचित्र घराबाहेर, एखाद्या हौशी मंडळात किंवा स्पर्धेत दाखवायचे असेल, तर आणखी खबरदारी लागते. दुसऱ्याच्या मुलाचे चित्र असेल, तर पालकांना आधी विचारावे. शाळेचा बिल्ला, घराची पाटी, अंघोळीचे दृश्य असलेली चित्रे घरातच राहू द्यावीत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिची माहिती वापरू पाहणाऱ्या कंपन्यांवर पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याचे बंधन घातले आहे. निव्वळ घरगुती वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तिथे मुलाचा कल पाहणे मोठ्यांवरच सोडलेले आहे.

सात-आठ वर्षांचे मूल स्वतःच्या चित्राविषयी ठामपणे बोलू शकते. मोठ्यांना आवडलेले चित्र त्याला अनेकदा आवडत नाही, आणि त्याची कारणे तंत्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाहीत : त्या शर्टाचे बटण तुटलेले होते, त्या दिवशी मित्र आला नव्हता, पडलेला दात दिसतो आहे. उजेड आणि चौकट उत्तम असूनही ‘हे कुणाला दाखवू नका’ असे त्याने म्हटले, तर ते छायाचित्र घरच्या अल्बममध्येच राहते.