शेगडी कोळशाची घ्यावी की गॅसची?

मराठवाड्यातील आपल्या कितीतरी शेतकरी घरांतली मुले शिक्षणासाठी हैदराबादला जातात. निजामाच्या राज्यात हा सारा मुलूख एक होता, तेव्हापासूनची ही वहिवाट आहे. उस्मानिया विद्यापीठाजवळच्या विद्यानगर भागात अशाच चार मुलांच्या खोलीवर आम्ही डिसेंबरात दोन दिवस मुक्कामाला होतो. नाताळाला गावी निघण्यापूर्वी गच्चीवर कोंबडी भाजण्याचा त्यांचा बेत होता, आणि त्यासाठी उचलून नेता येईल अशी शेगडी विकत घ्यायची होती. वर्गणी बेताची. दोघे म्हणाले कोळशाची, एक म्हणाला गॅसची. चौथ्याला एका दुकानातून बिनपावतीची लहान टाकी स्वस्तात मिळत होती, रिकामी झाली की दुकानदार घरगुती सिलिंडरमधून पुन्हा भरून देणार होता.

या चौथ्याला आम्ही आधी थांबवले. मोठ्या सिलिंडरमधून लहान टाकीत गॅस उतरवणे बेकायदा आहे आणि जिवाशी खेळ आहे. तसल्या टाकीची तपासणी कोणी केलेली नसते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत साचतो आणि एका ठिणगीने भडकतो. लहान टाकी हवीच असेल तर तेल कंपन्यांची पाच किलोची मिळते. इंडियन ऑइलने तिला २०२० साली ‘छोटू’ असे नाव दिले. ओळखपत्र दाखवून ती गॅस वितरकाकडे आणि काही पेट्रोल पंपांवर घेता येते. पत्त्याचा पुरावा लागत नाही, म्हणून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांची चांगली सोय होते.

आता खर्चाचे पाहू. वजनाला वजन धरले तर गॅस उजवा ठरतो. एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० कॅलरी (आहारात मोजतो त्याच) उष्णता असते, चांगल्या लाकडी कोळशात ७,००० च्या आसपास. शिवाय गॅस काडी लावताच कामाला येतो आणि काम संपताच बंद करता येतो. कोळसा फुलायलाच वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि जेवणे झाली तरी तो जळतच राहतो. लहान बर्नर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस खातो, म्हणजे पाच किलोची टाकी तीस तासांच्या वर पुरावी. रोजचा स्वयंपाक असेल, किंवा कोणाला संध्याकाळी कणसे-कबाबाची गाडी लावायची असेल, तर आमचे मत गॅसला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने तिथल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. धंद्याची शेगडी घेणाऱ्याने वारे कुठे वाहते आहे ते ओळखावे.

पण वर्षातून चार-सहा वेळा भाजायचे, तर हिशेब उलटा होतो. गॅससाठी टाकी, रेग्युलेटर, नळी आणि बर्नर इतके सारे आधी घ्यावे लागते. कोळशाला जुने लोखंडी घमेले, दोन विटा आणि लोखंडी जाळी पुरते. पाच-सहा जणांची कोंबडी दीड किलो कोळशात होते. उरलेले निखारे घट्ट झाकणाच्या डब्यात घालून विझवले तर पुढच्या खेपेला कामी येतात. वेड्या बाभळीचा कोळसा उत्तम, तो जड असतो आणि निखारा टिकून राहतो. मात्र जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा जाळी शेगडीला वापरू नये. ती तापली की विषारी धूर निघतो. पेटवायला रॉकेल नको, दाणे काढलेली वाळकी कणसे पुरेत.

चवीसाठी कोळसाच हवा, असे मुलांचे ठाम म्हणणे होते. हे अर्धेच खरे आहे. भाजलेल्या मांसाचा तो वास बराचसा चरबीचे थेंब तापल्या जागी पडून उठणाऱ्या धुराचा असतो, फुललेल्या कोळशाला स्वतःचा वास थोडाच. हा धूर फार झाला तर प्रकृतीलाही वाईट. म्हणून चरबी काढून टाकावी, मांस ज्वाळेवर न धरता निखाऱ्यावर धरावे आणि करपलेला भाग खाऊ नये. गॅसवर शिजवलेल्यालाही कोळशाचा वास देता येतो. वाटीत एक निखारा ठेवून त्यावर तुपाचा थेंब सोडावा आणि पातेले पाच मिनिटे झाकावे. हैदराबादी स्वयंपाकात हा धुंगार नेहमीचाच आहे.

इथवर सारा पैशाचा आणि जिभेचा विचार झाला. त्या रात्री थंडी बरीच होती. जेवणे आटोपल्यावर एका मुलाने निखाऱ्यांची शेगडी उचलून खोलीत आणली आणि दार लावून घेतले. “आता धूर कुठे आहे?” असे त्याने आम्हांलाच विचारले. आम्ही ती तत्काळ बाहेर ठेवायला लावली. धूर संपून निखारा लाल झाला की धोका टळला असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्याच निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, हातपाय गळतात, आणि झोपलेल्या माणसाला तर जागच येत नाही. गॅसच्या गळतीला निदान मुद्दाम मिसळलेला वास असतो. या वायूची तशी काहीच खूण नाही.

मायबहिणींनो, हे तुमच्यासाठीही आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची चाल आपल्याकडे अजून काही घरांत आहे. शेक द्यायचा असेल तर कापड बाहेर तापवून आणावे. खोलीत निखारा नको, तान्ह्या जिवाजवळ तर मुळीच नको. कोणी गुंगल्यासारखे दिसले तर आधी उघड्या हवेत न्यावे आणि मग लगेच दवाखाना गाठावा. तिथे प्राणवायू देतात.

मुलांनी शेवटी घमेल्याचीच शेगडी ठेवली, ती गच्चीवरच राहील या बोलीवर. पुढच्या वर्षी खोलीवर रोजचा स्वयंपाक सुरू करणार आहेत, तेव्हा पावतीची पाच किलोची टाकी घेतील. राख त्यांनी एका पिशवीत भरून आमच्या हाती दिली. लाकडी कोळशाच्या राखेत पालाश असतो. पण आपली काळी जमीन मुळातच अल्कधर्मी, म्हणून ती वाफ्यात न टाकता आम्ही खताच्या खड्ड्यात थोडी थोडी पसरली.