रोझा पार्क्स ‘दमलेल्या आजीबाई’ नव्हत्या

आज कोडिंग बाजूला, इतिहास घेऊ.

माझी भाची न्यू जर्सीत आठवीत आहे. एका रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे शनिवारची रात्र. “मामा, वर्गात माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर बोलायचंय. पटकन सांग ना.”

मी पडलो बीटेकवाला. ऐकीव गोष्ट ठोकून दिली: एक दमलेली आजी बसमध्ये जागेवरून उठली नाही, लोक पेटले, कायदा बदलला.

ती म्हणाली, “मग त्याआधी कुणीच नाही म्हणालं नव्हतं?”

माझी बोलती बंद. मग वाचायला बसलो, आणि कळलं की मी तिला चुकीचं शिकवलं होतं.

१ डिसेंबर १९५५ ला अलाबामातल्या माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांना अटक झाली, तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेत त्या कित्येक वर्षं सचिव होत्या. म्हणजे अपघाताने पुढे आलेली बाई नव्हे, तयारीची कार्यकर्ती.

आणि आधी कुणी होतं का? होतं! त्याच वर्षी २ मार्चला क्लॉडेट कॉल्विन नावाची १५ वर्षांची शाळकरी मुलगी अशीच उठली नाही. तिलाही अटक झाली. पण पुढाऱ्यांना वाटलं, हिच्या नावावर लढा उभा राहणार नाही. वय कमी, घर गरीब.

पुढच्या कॉलवर मी गोष्ट सांगितलीच नाही, कोडं घातलं. “आज गुरुवार. सोमवारपासून बस बंद. तुझी आई लांब कामाला जाते, गाडी नाही, मोबाईल नाही. काय करशील?”

ती वही घेऊन बसली. कुठून कोणाला उचलायचं, पेट्रोलचे पैसे कोण देणार, लोकांना कळवायचं कसं? तासाभराने म्हणाली, “मामा, हे तर ॲपशिवाय उबर चालवण्यासारखं आहे!”

अगदी तसंच झालं होतं. जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने रातोरात हजारो पत्रकं छापली. ५ डिसेंबरला, सोमवारी, बस रिकाम्या धावल्या. बेत एका दिवसाचा होता. संध्याकाळच्या सभेत तो वाढवायचं ठरलं. २६ वर्षांचे मार्टिन ल्युथर किंग नेते झाले. कृष्णवर्णीय टॅक्सीवाले बसच्या भाड्यात, १० सेंटमध्ये, माणसं नेत होते. शहराने किमान ४५ सेंटचा नियम लावला, तेव्हा लोकांनी आपल्या गाड्या काढल्या. ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. बाकीचे चालले. असे ३८१ दिवस!

शेवट कशाने झाला? कोर्टाने. ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ हा खटला चार बायकांच्या नावावर जिंकला गेला. त्यात पार्क्स नव्हत्या. क्लॉडेट होती.

हे ऐकून भाची गप्प झाली. मग म्हणाली, “ती माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी होती.”

धाकट्या भावंडांना असा विषय शिकवायची वेळ आली, तर आधी हे तीन प्रश्न टाका: याआधी कोण होतं? रोजचं काम कोणी केलं? नाव कोणाचं गाळलं गेलं? तारखा मग आपोआप लक्षात राहतात.

भाचीने भाषणाची सुरुवात क्लॉडेटपासून केली. मी काही सुचवलं नव्हतं, हं!

भेटू पुढच्या भागात.